काळंबीचा पाठमोरा कोट

समुद्राकडून काळंबी नदीत शिरलं की दुसऱ्या वळणावर, डाव्या काठाला, एक कोट दिसतो. दिसतो म्हणजे त्याची पाठ दिसते. स्वयंपाकघराचं काजळलेलं धुराडं, सांडपाण्याची मोरी, एक बुटकं दार आणि शेवाळलेली आंधळी भिंत. पहिल्यांदा येणारा माणूस होडीत बसल्या बसल्या हिरमुसतो. एवढ्यासाठी आलो का आपण, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. मग होडी कोटाला वळसा घालून पुढे जाते, माणूस सहज मागे वळून बघतो आणि बघतच राहतो. सडपातळ खांबांवर पेललेल्या कमानींच्या दोन रांगा. नदीवर ओणवलेल्या खिडक्या. शिंपल्यासारखे कोरलेले कोनाडे, पायऱ्यांवर दोन सिंह, आणि महादरवाजाच्या माथ्यावर फुलांच्या माळेत एका बाईचा चेहरा. लढाईसाठी बांधलेला हा कोट नव्हेच. दुरून येणाऱ्याने बघावं, म्हणून बांधलेलं घर आहे ते. आणि हा सगळा थाट कोणाकडे तोंड करून उभा आहे? डोंगराकडे. जिकडून कधी कोणी येत नाही त्या बाजूला.

पर्यटकांसाठी वाटेवर एक पाटी लावली आहे. ‘मुख्य प्रवेशद्वार’ असं लिहून खाली बाण काढला आहे. तो बाण मोरीपाशी जाऊन थांबतो. पाटी एकदा बदलून झाली. नवीन बाणही तिथेच जातो.

तरवाडीचे धर्मानाना नाखवा गेली कितीतरी वर्षं लोकांना कोट दाखवतात. ते आधी कोटाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. सगळ्यांना महादरवाजाजवळच्या एका गुळगुळीत काळ्या दगडापाशी नेतात, पाण्याकडे बघतात आणि विचारतात, “नदी कुठं जाते?”

लोक हसतात. एवढं काय विचारायचं त्यात. परवा आलेल्या मंडळींतल्या एका बाईंनी तर प्रश्न संपायच्या आत हात करून दाखवला. पाण्यावरून माडाची एक झावळी वाहत चालली होती, डोंगराच्या दिशेने. “ती काय, तिकडे,” बाई म्हणाल्या. नाना “बरं” म्हणाले, आणि दगडाशेजारी टेकून गोष्ट सांगायला लागले.

फार मागे, या किनाऱ्यावर फिरंग्यांची जहाजं फिरत होती त्या काळातली ही हकिकत आहे असं सांगतात. त्यांच्यातल्या एका कप्तानाला इथे घर बांधायचं होतं. त्याच्या मुलखात म्हणे नद्यांच्या काठाने राजेरजवाड्यांचे असे कोट असत, आणि नावेतून जाणारे लोक ते बघत बघत पुढे जात. कप्तान मायदेशी निघाला होता, लग्न करून बायकोला घेऊन परतणार होता. जहाज नदीत शिरताच तिला पहिल्यांदा घराचा दरवाजा दिसावा, एवढीच त्याची हौस. त्यासाठी त्याने घाटावरून नामांकित पाथरवट बोलावून घेतला. त्याचं नाव म्हाळोजी.

म्हाळोजीच्या हाताला यश होतं आणि स्वभावाला दम नव्हता. दगड पाहिला की त्याचे हात शिवशिवायचे. दोघांची गाठ काळंबीवर नव्हे, दूरच्या एका बंदरात पडली. कप्तानाने त्याच्यापुढे लाकडात कोरलेला कोटाचा नमुना ठेवला. कमानी, खिडक्या, सिंह, सगळं बोटाएवढं. दुभाष्याने समजावलं, की जागा नदीकाठच्या उंचवट्याची, आणि नदी जिकडे जाते तिकडे दरवाजाचं तोंड. कप्तान दर्यावर्दी माणूस. नदी समुद्राकडेच जाते हे आणखी सांगायला हवं, असं त्याच्या मनातही आलं नाही. म्हाळोजीनेही पुढे विचारलं नाही. नमुना बघून त्याचं अर्धं काम मनात सुरू झालं होतं.

मग कप्तानाने शेवटची अट घातली. म्हाळोजीचा धाकटा भाऊ सिदू जहाजावर राहील. परतल्यावर दरवाजा सांगितल्याप्रमाणे समोर दिसला तर भाऊ घेऊन जा. नाही दिसला, तर भाऊ विसर.  दादाच्या हातावर सिदूचा विश्वास होता. त्याने आपला ओळंबा, भिंत सरळ आहे का ते बघायची दोरी, म्हाळोजीच्या खांद्यावर अडकवली आणि जहाजात चढला.

घाट उतरून म्हाळोजी आपल्या माणसांसह काळंबीवर पोचला तेव्हा सकाळ होती. त्याने नदी पाहिली. मधल्या टेकड्यांमुळे समुद्र तिथून दिसत नव्हता. भरलेलं, संथ पाणी उगवतीकडे चाललं होतं. म्हाळोजीला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. त्याच्या घाटावरच्या झाडून सगळ्या नद्या उगवतीलाच जातात. जन्मापासून त्याने नदीला दुसरीकडे जाताना पाहिलं नव्हतं. त्याने लगेच सूत धरलं, जागा आखली, दरवाजाचं तोंड उगवतीला घेतलं आणि पहिला दगड ठेवला. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि आपल्या कुळाची शपथ घेतली. पूजा करून बसवलेला पहिला दगड त्यांच्यात कोणी पुन्हा उचलत नसे. उचलला तर बांधणाऱ्याचं रक्ताचं माणूस जातं, असं ते मानत.

दुपार कलली. हात धुवायला म्हाळोजी पाण्याशी गेला आणि जागीच थिजला.

नदी उलटी चालली होती.

सकाळी फोडलेल्या नारळाची करवंटी त्याच्या डोळ्यांसमोरून मावळतीकडे निघून गेली. त्याने डोळे चोळले. झाडाची काटकी पाण्यात टाकून पाहिली, तीही तिकडेच गेली. त्याला वाटलं, आपण जागा चुकलो. मागे वळून पाहिलं तर दगड तिथेच, आखणी तिथेच.  जागा बदलली नाही, डोंगर बदलला नाही, सकाळपासून या काठावर नवीन असं एकच घडलं होतं. त्याने दगड ठेवला होता. आपल्या दगडाने नदी रागावली आणि तिने तोंड फिरवलं, असं म्हाळोजीने ठरवूनच टाकलं.

रात्रभर तो कुशी बदलत राहिला. सकाळी भीत भीत काठावर गेला, तर नदी पुन्हा उगवतीकडे चाललेली. गेला राग, असं म्हणून त्याने हात जोडले आणि कामाला लागला. दिवस चढला तसा राग परत आला. बिचारा पार गोंधळून गेला. नदी रागावायची ती वेळही रोज थोडी पुढे सरकायची, त्यामुळे आदल्या दिवसाचा अंदाज दुसऱ्या दिवशी खोटा ठरायचा. आपलं काय चुकतंय? दगड काळा आहे म्हणून? टाकीचा आवाज फार होतो म्हणून? त्याने एक दिवस टाक्यांना फडकी गुंडाळायला लावली. एक दिवस नदीची खणानारळाने ओटी भरली. ओटी पाण्यात सोडली तेव्हा नदी उगवतीकडे जात होती, तेवढ्यावर तो खूश झाला. जेवून येतो तर तीच ओटी परत येऊन काठाला लागलेली.

सरळ कोणाला विचारावं, तर त्याचीही चोरी. या लोकांची नदी आपण नासवली हे कळलं तर ते आपल्याला इथेच गाडतील, अशी त्याची खात्री होती. त्याने आपल्या माणसांना बजावलं, की नदीचं नाव गावात काढायचं नाही. आणि एक नेम घातला. नदी उगवतीकडे जात असेल तोवरच दगडाला हात लावायचा. ती फिरली की टाक्या खाली.

तरवाडीचे कोळी हा तमाशा बघत होते. भरती आली की हे घाटावरचे लोक कामाला भिडतात आणि ओहोटी लागली की हातातला दगड टाकून गप्प बसतात. कोळणींनी त्यांना ‘भरतीचे जावई’ असं नाव ठेवलं. पण असेल त्यांच्या देवाचा नेम, म्हणून कोणी हटकलं नाही. शिवाय म्हाळोजी कोणाशी धड बोलायचा नाही. कोणी रामराम घातला तरी तो नदीकडे बघत असायचा.

भिंती वर चढत गेल्या. पावसाळा आला, काम थांबलं, आणि डोंगरावरून लाल पाण्याचा असा लोंढा आला की नदी दिवसचे दिवस मावळतीलाच जात राहिली. ते दिवस म्हाळोजीने कसे काढले असतील! त्याला वाटलं, आता ती कायमची रुसली. सिदूचा ओळंबा उशाशी घेऊन तो पडून राहायचा. पाऊस ओसरला आणि एका सकाळी नदी पुन्हा उगवतीकडे वळली, तेव्हा तो लहान पोरासारखा रडला असं सांगतात.

दुसऱ्या वर्षी कमानींवर कमानी चढल्या. महादरवाजावर बाईचा चेहरा तेवढा कोरायचा राहिला होता. एका दुपारी गावचा पोशा तांडेल आपली होडी कोटाखाली लावून मासे निवडत बसला होता. येणाऱ्या मोठ्या गलबतांना वाट दाखवून नदीत आणणारा तोच. वर म्हाळोजीची माणसं ओहोटी लागली म्हणून हात चोळत बसलेली. पोशाला राहवलं नाही.

“पाथरवटा,” त्याने विचारलं, “तुमचा देव भरतीलाच जागा असतो का रे?”

भरती म्हणजे काय, ते म्हाळोजीला ठाऊक नव्हतं. आणि त्या दिवशी का कोण जाणे, त्याच्याने आणखी लपवणं होईना. तो खाली आला आणि पोशाच्या पुढ्यात बसून त्याने सगळं सांगून टाकलं. पहिला दगड, नदीचा राग, ओटी, नेम. गावाला सांगू नको म्हणून त्याचे पाय धरले.

पोशाला आधी हसू आलं. मग त्याचं तोंड पाहून ते जिरलं. “अरे, पाणी आहे ते,” तो म्हणाला. “दर्या येतो तेव्हा ती आत जाते, दर्या जातो तेव्हा ती बाहेर जाते. तुझ्या बापजाद्यांच्या आधीपासून. तुझ्या दगडाला कोण विचारतो?”

 नदी रागावली नव्हती, याने म्हाळोजीला हलकं वाटायला हवं होतं. पण त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी उलगडत चाललं होतं. त्याने विचारलं, “मग जहाजं कुठून येतात?” पोशाने मावळतीकडे बोट केलं. म्हाळोजीने कोटाच्या त्या अंगाकडे पाहिलं. तिथे मोरी होती. धुराडं होतं. भाऊ ज्या वाटेने येणार, त्या वाटेकडे त्याने घराची पाठ केली होती.

आता काय करायचं? पाडून पुन्हा बांधायला वेळ नव्हता. आणि वेळ असता तरी पहिला दगड कसा उचलायचा? उचलला तर रक्ताचं माणूस जाणार आणि नाही उचलला तर कप्तान ते नेणार. दोन्हीकडून सिदूच. म्हाळोजीला काही सुधरेना. तो पोशाला पुन्हा पुन्हा एकच विचारू लागला, की मग खरी नदी कोणती, येणारी की जाणारी? पोशा म्हणाला, मला या प्रश्नाचा अर्थच समजत नाही.

पण माणूस भला होता. जाताना त्याने एवढं सांगितलं, की जड जहाज भरतीशिवाय आत येत नाही आणि सुकाणूवर मीच असतो. “थांबवायचं कुठं, ते मला बघू दे. बोलायचं काय, ते तू बघ.”

दिवाळी होऊन गेल्यावर जहाज आलं. चांगल्या उधाणाच्या भरतीत आलं. कप्तान नवऱ्या मुलासारखा नटून नाळेवर, जहाजाच्या पुढच्या टोकाला, उभा, शेजारी त्याची बायको, मागे दोन शिपायांच्या मधे सिदू. वळण सुटलं आणि समोर कोट आला. धुराडं, मोरी, बुटकं दार. बाईने नवऱ्याकडे पाहिलं. हेच का ते घर, असं तिने विचारलं असावं. कप्तानाचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. त्याने जहाज तिथेच उभं करायला फर्मावलं. पोशाने सुकाणू सोडलं नाही. इथे तळ खडकाचा आहे, नांगर धरणार नाही, आणि एवढ्या पाण्याला आडवं घालाल तर जहाज फुटेल, असं त्याने शांतपणे सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. कप्तान ओरडत राहिला, शिपायांनी सिदूच्या दंडाला धरलं, आणि नदी सगळ्यांना घेऊन कोटाला वळसा घालून पुढे गेली. पुढच्या डोहात पोशाने नांगर टाकला. जहाज हळूहळू फिरलं आणि थांबलं.

पुढ्यात महादरवाजा होता. पाणी तुडुंब भरून उभं होतं, एक लाट नाही. दोन सिंह वर आणि दोन पाण्यात, कमानी वर आणि कमानी पाण्यात. ती बाई कठड्याशी गेली. दरवाजाच्या माथ्यावर फुलांच्या माळा होत्या, पण मधला चेहरा नुसताच गोल, न कोरलेला दगड होता. ती बघत राहिली.

म्हाळोजी पायऱ्यांवर उभा होता. बायको, सिदू आणि शिपायांसह होडीतून उतरल्या उतरल्या कप्तानाने तलवारीला हात घातला आणि दुभाष्याकरवी विचारलं, की नदी जाते तिकडे तोंड हवं, हे सांगितलं होतं की नाही?

 खोटं बोलावं असं म्हाळोजीच्या मनात नव्हतं, आणि खरं काय ते त्याला अजूनही पुरतं कळलं नव्हतं. तरी त्याने मान वर केली.

“सांगितलं होतं, सरकार,” तो म्हणाला. “आत्ता नदी तुम्हाला घेऊन कुठं गेली?”

दुभाष्याने ते सांगितलं. कप्तानाने डोहाकडे पाहिलं. त्याचंच जहाज, त्याच्याच नांगराला, दरवाजाच्या पुढ्यात उभं होतं.  त्याने मावळतीकडे पाहिलं, उगवतीकडे पाहिलं. तेवढ्यात ती बाई नवऱ्यासाठी न थांबता पायऱ्या चढून दरवाजातून आत गेलीसुद्धा. त्याला तिच्यामागून जावं लागलं. जाता जाता त्याने शिपायांना हाताने खूण केली आणि त्यांनी सिदूला सोडलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण धर्मानाना म्हणतात, खरी गोष्ट इथून पुढे आहे.

सिदू वाळला होता. दोन वर्षं जहाजाच्या पोटात काढून त्याचे डोळे उन्हाला मिटत होते. म्हाळोजीने त्याला उराशी धरलं. सिदूही पाथरवटच. दादाच्या खांद्यावरून त्याने कोट पाहिला, कमानींवर नजर फिरवली आणि मग मागची आंधळी भिंत त्याच्या ध्यानात आली. तो बाजूला झाला. “दादा, दार इकडे कसं?”

म्हाळोजीने त्याला पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं, पोशाला सांगितलं तसंच. सिदूने सगळं ऐकून घेतलं. त्याने राग केला नाही, असं सांगतात. त्याने फक्त विचारलं, “दोन वर्षांत कोणाला विचारलं का नाहीस?”

म्हाळोजीकडे उत्तर होतं. भीती वाटली, घाई होती, वाटलं आपल्याला ठाऊकच आहे. पण भावाच्या हाडांकडे बघत त्याला यातलं एकही बोलता येईना. तो जाऊन पहिल्या दगडावर, महादरवाजाजवळच्या त्या काळ्या दगडावर, बसला. डोहातलं पाणी तेव्हा उभं होतं. त्याच्या देखत ते हललं, फिरलं, मावळतीला निघालं, खाजणाचा चिखल उघडा पडला, बगळे उतरले. मग खालून पुन्हा चमकत चमकत पाणी आलं आणि डोंगराकडे गेलं. त्या काठावर इतके दिवस राहून त्याने नदीचा एक अख्खा फेरा कधी बसून पाहिला नव्हता. पाहून झाल्यावर तो उठला आणि त्याने शपथ घेतली, की यापुढे मी पहिला दगड ठेवणार नाही. टाकी आणि हातोडा त्याने पाण्यात सोडले. सिदूचा ओळंबा सिदूला दिला. बाईचा चेहरा मग सिदूने कोरला, म्हणून तो बाकीच्या कामाहून वेगळा दिसतो. त्यानंतर सिदू माणसांना घेऊन घाट चढून गेला. म्हाळोजी तरवाडीतच राहिला. गावात कोणी घर काढलं की तो जाऊन त्या जागेवर बसायचा आणि धन्याला शेजारी बसवून घ्यायचा. बोलायचा काही नाही.

काही लोक म्हणतात, म्हाळोजी सिदूबरोबरच गेला आणि हे बाकीचं गावाने रचलं. नानांना विचारलं तर ते म्हणतात, असेल बुवा.

पण आजही तरवाडीत घर बांधायचं ठरलं, की पाया खणायच्या आधी घरधनी त्या जागेवर एक पाणी बसतो. एक पाणी म्हणजे एक भरती आणि एक ओहोटी. तोवर अन्न घ्यायचं नाही, कुदळ लावायची नाही. जाणारे-येणारे मुद्दाम थांबून त्याची थट्टा करतात, विचारतात, “काय भरतीच्या जावया, नदी कुठं जाते?” त्याने चिडायचं नाही. “थांबून सांगतो,” एवढंच म्हणायचं. सिमेंटच्या पिशव्या आल्या, मिक्सर आला, तरी हे सुटलेलं नाही. मोरीपाशी नेणारी ती पाटी लावायला आलेल्या लोकांनाही गावाने सांगून पाहिलं होतं, एक पाणी बसा आणि मग बाण काढा. त्यांना दुसरीकडे जायचं होतं.

परवा गोष्ट संपली तेव्हा नाना गुडघ्यांवर हात ठेवून उठले. मंडळी आत कोट बघायला निघाली. सगळ्यात आधी उत्तर दिलेल्या त्या बाई मात्र दगडापाशीच रेंगाळल्या. मघाशी डोंगराकडे गेलेली झावळी परत येत होती. येता येता दरवाजासमोरच्या भोवऱ्यात सापडली आणि थांबली. ना इकडे, ना तिकडे. बाईंचा हात सवयीने वर उठला, पण बोट कुठे करायचं ते त्यांना कळेना.

नाना दरवाजाशी थांबून होते. बाईंनी हात खाली घेतला, पदर सावरला आणि त्या दगडावर बसल्या.

“तुम्ही व्हा पुढे,” त्या म्हणाल्या. “मी थांबून येते.”